गोळा बसला तर नेम बसला

१६८७ सालच्या आरंभी औरंगजेबाची फौज गोवळकोंड्याच्या तटाखाली येऊन थडकली, तेव्हा पहिल्या चढाईत किलिचखान पुढे होता. मध्य आशियातून हिंदुस्थानात आलेला हा जुना जाणता सरदार. तटावरून सुटलेल्या जंबूरकाच्या, म्हणजे हलक्या तोफेच्या, गोळ्याने त्याचा हात खांद्यापासून उडवला. छावणीत शस्त्रवैद्य खांद्यातले हाडाचे तुकडे वेचून काढत होते आणि खान दुसऱ्या हाताने कॉफी पीत भोवतालच्या मंडळींशी बोलत बसला होता, अशी नोंद मोगल तवारिखांत आहे. त्या जखमेतून तो उठला नाही. त्याचा नातू मीर कमरुद्दीन याने १७२४ मध्ये बुलढाण्याकडच्या साखरखेर्ड्याची लढाई जिंकली आणि दख्खनची सुभेदारी स्वतःकडे घेतली. पुढे सव्वादोनशे वर्षे हैदराबादेवर राज्य केलेले निजामाचे घराणे ते हेच.

किलिचखानाला लागलेला गोळा त्याच्यावर नेम धरून मारला होता का? बहुधा नाही. त्या काळातली तोफ किंवा जंबूरक एकट्या माणसाला टिपण्याचे हत्यार नव्हते. तट, बुरूज, घोडदळाची दाटी असे मोठे निशाण समोर असले तरच तिचा भरवसा. याचा दोष बहुतेक वेळा गोलंदाजाच्या डोळ्याला दिला जातो. खरे कारण नळीच्या आत होते, आणि ते होते नळी व गोळा यांच्यामधल्या फटीत.

ही फट मुद्दाम ठेवावी लागे. ओतीव गोळा कधीच पुरता गोल नसे, पावसाळ्यात त्याला गंज चढे, आणि प्रत्येक बारानंतर दारूची काजळी नळीला चिकटून राही. चपखल बसणारा गोळा चार बारांनंतर अर्ध्यात अडकला असता. म्हणून अठराव्या शतकातल्या इंग्रजी तोफखान्यात गोळ्याचा व्यास नळीपेक्षा विसाव्या हिश्श्याने कमी ठेवण्याचा नियम होता. पाच इंचांची नळी असेल तर पाव इंच मोकळे. दारू पेटली की तिचा बराचसा जोर या पाव इंचातून पुढे निसटून जाई. उरलेल्या जोरावर गोळा नळीच्या भिंतींवर खालीवर आपटत पुढे सरके, आणि शेवटची टक्कर ज्या बाजूला होईल तिच्या उलट दिशेने बाहेर पडे. गोलंदाजाने तोफ कितीही काळजीने धरली असो, शेवटची टक्कर कुठे होणार हे त्याच्या हातात नव्हते.

यातले आणखी एक गूढ बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने उकलले. १७४२ मध्ये त्याचा तोफविद्येवरचा ग्रंथ निघाला. गोळा नळीच्या भिंतीला घासून निघतो तेव्हा त्याला स्वतःभोवती फिरकी बसते आणि ती फिरकी त्याला हवेत वळवते, असे त्याचे म्हणणे होते. ते पटवण्यासाठी त्याने एका बंदुकीची नळी तोंडाशी डावीकडे वाकवली आणि समोर पातळ कागदाचे पडदे लावून बार काढले. गोळी सुरुवातीला डावीकडे गेली, पण पुढच्या पडद्यांवरची भोके उजवीकडे सरकत गेली. नळीच्या वाकण्याने दिशा दिली आणि फिरकीने ती फिरवली. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत किल्ल्यांची कामे पाहायला मद्रास किनाऱ्यावर आला आणि १७५१ मध्ये कडलूरजवळच्या फोर्ट सेंट डेव्हिडमध्ये वारला.

गोवळकोंड्याच्या पेटला बुरुजावर औरंगजेबाची फतह रहबर ही तोफ आजही आहे. १६७२ मध्ये मुहम्मद अली अरब याने ओतलेली, लांबीला सोळा फुटांच्या आसपास. तिच्यावरची फारसी अक्षरे पाहायला लोक थांबतात आणि बादशहाचे नाव वाचतात. त्या काळच्या अनेक मोगल तोफांवर बादशहा आणि कारागीर यांच्या नावांबरोबर आणखीही एक मजकूर कोरलेला असे: गोळा किती वजनाचा, दारू किती शेर. तोफ ओतणाऱ्याला ठाऊक होते की आपली तोफ एका ठरावीक गोळ्याची आणि ठरावीक मापाच्या दारूची आहे. गोळा हलका घातला किंवा दारूचा हात सैल सोडला तर ती तोफ वेगळी मारणार, म्हणून त्याने ते माप पुसले जाणार नाही अशा जागी लिहून ठेवले.

हे माप सांभाळणारी जागा हैदराबादेत उभी राहिली ती शंभर वर्षांनी. फतेह मैदानाजवळ, आजच्या आबिड्सच्या अंगाला, १७८६ मध्ये निजाम अलीखानाने तोफा ओतण्याचा कारखाना घातला. लोक त्याला तोप का साँचा म्हणत. पुढे इंग्रजीत गनफाउंड्री झाले आणि अख्ख्या मोहल्ल्याला तेच नाव चिकटले. आज बँकेच्या कामाला गनफाउंड्रीला जाणाऱ्या हजारोंना त्या नावामागची विटा-चुन्याची भक्कम इमारत माहीत नसते, ही खरोखर वाईट वाटण्याजोगी गोष्ट आहे.

कारखाना चालवणारा मिशेल जोआकिम मारी रेमाँ हा फ्रेंच. जन्म १७५५ चा. विसाव्या वर्षी पाँडिचेरीला आला, ब्युसी या फ्रेंच सेनापतीच्या हाताखाली होता, नंतर निजामाच्या नोकरीत शिरला. त्याने कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना लागणाऱ्या बंदुका आणि तोफा याच कारखान्यात बनू लागल्या.

रेमाँ ज्या देशातून आला होता तिथे तोफखान्याची सगळी घडी त्याआधीच बदलू लागली होती. ग्रिबोव्हाल या अधिकाऱ्याने १७६५ पासून फ्रेंच तोफांची मापे ठरवून टाकली, तोफेच्या मागच्या बाजूला उंची बदलणारा स्क्रू बसवला आणि नळी-गोळ्यातली फट जवळजवळ निम्मी केली. फट निम्मी करायची तर गोळे तपासणे आले. त्याची रीत सोपी आणि कडक होती. लोखंडाच्या दोन कड्या घ्यायच्या, एक किंचित मोठी, एक किंचित लहान. गोळा मोठीतून गेला पाहिजे आणि लहानीतून जाता कामा नये. दोन्ही कसोट्यांना उतरलेला गोळा मग कडीपेक्षा लांब अशा नळकांड्यातून घरंगळत सोडायचा. कुठे एखादा फुगवटा असेल, कडीतून त्याच्या आडव्या अंगाने निसटून गेला असेल, तर तो नळकांड्यात अडकतो. अडकलेला गोळा पुन्हा भट्टीत जायचा. तोफेचे नाव होते, तोफेची मिरवणूक निघते, तोफेला फुले वाहतात. नेम मात्र या कड्या हातात धरून बसलेल्या माणसाने राखलेला असतो, आणि त्याचे नाव कुठल्याच बखरीत नाही.

मराठ्यांच्या बाजूला काय होते? पेशव्यांचा तोफखाना पानसे घराण्याकडे होता. पानसे कर्तबगार होते, पण त्यांच्या ताब्यात आलेल्या तोफा चार घरच्या होत्या. काही इंग्रजांकडून घेतलेल्या, काही पोर्तुगीजांच्या, काही जिंकून आणलेल्या, काही इथेच ओतलेल्या. प्रत्येकीचे तोंड वेगळे. एका तोफेचे गोळे दुसरीला चालतील असे नाही, आणि घाईच्या वेळी चालवून घेतले तर फट वाढणार. पेशव्यांनी गोळ्यांचे कारखाने काढले होते, तरी इतक्या मापांना पुरे पडणे कठीणच.

१७९० मध्ये परशुरामभाऊ पटवर्धनांनी धारवाडला वेढा दिला. त्यांच्या मदतीला मुंबईहून कॅप्टन लिटलची इंग्रज तुकडी होती, आणि तिच्यात एडवर्ड मूर नावाचा तरुण लेफ्टनंट. त्याने १७९४ मध्ये छापलेल्या पुस्तकात मराठी गोलंदाजांचे वर्णन केले आहे. तोफ भरली की मंडळी अर्धा तास गप्पा मारत, हुक्का ओढत बसत. मग बार काढत. तटाची धूळ उडाली की समाधान, आणि पुन्हा बैठक. भर दुपारी तर दोन्हीकडून तोफा गप्प. मूरच्या लिहिण्यात कंपनीच्या अधिकाऱ्याचा तोरा आहे आणि तो वजा करूनच ते वाचायला हवे. तोफ थंड होऊ देणे, दारू पुरवून वापरणे यामागे शहाणपणही होते. तरीपण एकाच जागी सलग मारा बसत नव्हता आणि वेढा १७९१ च्या एप्रिलपर्यंत लांबला, हे नाकारता येत नाही.

११ मार्च १७९५ रोजी खर्ड्याला ही दोन जगे समोरासमोर आली. खर्डा आज अहिल्यानगर जिल्ह्याच्या जामखेड तालुक्यात आहे. निजामाकडून रेमाँच्या पलटणी आणि गनफाउंड्रीच्या तोफा. मराठ्यांकडून शिंद्यांचा पेराँ, त्याच्या कवायती पलटणी आणि ३५ तोफा, शिवाय नागपूरकर रघूजी भोसल्यांचे बाणवाले, म्हणजे दारूचे अग्निबाण सोडणारे. शिंद्यांच्या तोफा आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश कारागिराच्या देखरेखीखाली ओतल्या जात. म्हणजे दोन्हीकडे मापाचे गोळे होते. बाणाला ना नळी ना माप. तो कुठे जाईल हे सोडणाऱ्यालाही सांगता येत नसे. तरी रघूजींच्या बाणांनी निजामाच्या घोडदळाची दाणादाण उडवली, कारण घोड्याला बिथरवायला नेमाची गरज नसते. रेमाँच्या पलटणी टिकून होत्या. पण निजामाने जनानखान्यासह रात्रीच खर्ड्याच्या गढीत पाय मागे घेतला, मराठ्यांनी पाणी तोडले आणि निजामाला तह करावा लागला. गनफाउंड्रीच्या तोफांची खरी परीक्षा व्हायची राहिलीच.

ती पुढेही झाली नाही. रेमाँ २५ मार्च १७९८ रोजी वारला. मलकपेटजवळच्या टेकडीवर त्याची कबर आहे. त्याच वर्षी १ सप्टेंबरला निजामाने इंग्रजांशी तैनाती फौजेचा करार केला आणि २२ ऑक्टोबरला रेसिडेंट जेम्स अकिलीस कर्कपॅट्रिक याने फ्रेंच पलटणींची हत्यारे काढून घेतली. हजारो शिपाई, भरलेला तोफखाना, आणि एकही लढाई नाही; थकलेल्या पगारावरून ते आपल्याच अधिकाऱ्यांवर उलटले होते. पाच वर्षांनी जालन्याकडच्या असईत इंग्रज सेनानी वेलस्लीने शिंद्यांच्या शंभराच्या आसपास तोफा पकडल्या आणि त्यांच्या घडणीची तारीफ केली. देशी कारखान्यांत मापाचे ओतकाम होत होते याची ती शत्रूने दिलेली पावती.

यापुढे हैदराबादेतली हत्यारे कंपनीच्या मापाने भरली जाऊ लागली. १८५३ च्या तहानंतर हैदराबाद कंटिंजंटची ठाणी बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली, मोमिनाबाद म्हणजे आपले अंबाजोगाई, अशी पसरली. १७ जुलै १८५७ रोजी तुर्रेबाजखान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी कोठीच्या रेसिडेन्सीवर हल्ला केला. तोवर इंग्रज अधिकाऱ्यांच्या कमरेला रिव्हॉल्वर आलेली होती.

रिव्हॉल्वरने तोफेचाच जुना प्रश्न हाताच्या पंज्यात आणून ठेवला आणि त्यात भरही घातली. तोफेला एक नळी. रिव्हॉल्वरला फिरते चक्र, त्यात पाच-सहा घरे, आणि पुढे एकच नळी. चापाबरोबर चक्र फिरते आणि एकेक घर नळीसमोर येऊन थांबते. ते केसभर जरी बाजूला थांबले तरी गोळी नळीच्या तोंडाला कडेवर घासून आत शिरते. चक्र आणि नळी यांच्यामध्ये फट असतेच, नाहीतर चक्र फिरणार नाही. गोळीला ती फट ओलांडून उडी घ्यावी लागते. म्हणून एकाच रिव्हॉल्वरची सहा घरे कधी कधी सहा वेगळ्या जागी मारतात, आणि चोखंदळ नेमबाज कोणते घर कुठे मारते याची खूण ठेवतो.

१८५७ च्या सुमारास दोन रिव्हॉल्वर स्पर्धेत होत्या. अमेरिकन कोल्टला खाली दांडा होता. तो ओढला की शिशाची गोळी घरात दाबून बसे, इतकी घट्ट की तिच्या कडेचे शिसे अंगठीसारखे सोलून बाहेर येई. फट उरतच नसे. इंग्रज ॲडम्सच्या १८५१ च्या पहिल्या नमुन्याला असा दांडा नव्हता. गोळी अंगठ्याने ढकलायची. घोडा दौडला किंवा शेजारच्या घराचा बार झाला की ती सैल होऊन पुढे सरके. ॲडम्सची गोळी जाड आणि जड, अंगावर येणाऱ्याला थांबवणारी. कोल्टची लहान, पण लांबवर नेमकी. हिंदुस्थानातले अधिकारी यावर वर्षानुवर्षे वाद घालत राहिले. पुढे ॲडम्सलाही दांडा बसला.

त्याच काळात बंदुकीच्या काडतुसाची चरबी बंडाला कारण झाली, हे शाळेच्या पुस्तकात असते. ती चरबी मुळात होती कशाला, हे सहसा सांगितले जात नाही. एन्फील्डच्या नळीत आटे होते. गोळीला फिरकी द्यायची तर ती नळीला घट्ट लागायला हवी. घट्ट गोळी तोंडाकडून ठासायची तर वंगण हवे. रॉबिन्सच्या पडद्यांवर नको तिथे वळणारी गोळी आता मुद्दाम, एकाच बाजूने फिरवायची होती. नेमासाठी केलेली ही सोय शिपायांच्या धर्मावर घाला ठरली, आणि त्याची किंमत दोन्ही बाजूंनी रक्ताने दिली.

धातूच्या पुंगळीचे काडतूस आल्यावर दारू, गोळी आणि टोपी एकत्र बंद झाली. आता माप कारखाना ठरवणार. हिंदुस्थानात ते डमडम आणि पुण्याजवळच्या खडकीत ठरू लागले. खडकीचा कारखाना १८६९ चा. त्याच्या काडतुसांच्या बुडाला के एफ ही अक्षरे असत. १८८७ मध्ये लष्कराने वेब्ली रिव्हॉल्वर स्वीकारली. .४५५ ची, २६५ ग्रेन वजनाची संथ, जाड शिशाची गोळी. १८९० च्या दशकात काळ्या दारूऐवजी कॉर्डाइट आली. धूर आणि काजळी कमी झाली, पण कॉर्डाइटला हवामान लागते. ऊन खाल्लेले काडतूस जास्त वेगाने गोळी फेकते, आणि हैदराबादचा मे महिना सर्वांना माहीत आहे.

वेग बदलला की नेम का बदलतो? रिव्हॉल्वर उडते तेव्हा तिचे तोंड वर उठते, आणि हे उठणे गोळी अजून नळीत असतानाच सुरू होते. जड, संथ गोळी नळीत जास्त वेळ राहते, म्हणून वर लागते. हलकी, वेगवान गोळी लवकर निसटते आणि खाली लागते. पल्ला छोटा असतो तेव्हा ही गोष्ट नव्या माणसाला उलटी वाटते. लष्कराने नंतर .३८ ची रिव्हॉल्वर घेतली, तिची गोळी २०० ग्रेनची उघड्या शिशाची होती. १८९९ च्या हेग जाहीरनाम्याने शरीरात पसरणाऱ्या गोळ्यांना बंदी घातलेली. तिचा भंग होईल या भीतीने दुसऱ्या महायुद्धाआधी १७८ ग्रेनची धातूने मढवलेली गोळी आली. हत्यार तेच, माशी तीच, गोळी मात्र २२ ग्रेनने हलकी आणि अंगाने कडक.

माप चुकले तर काय होते याचे एक गाजलेले उदाहरण लंडनचे आहे. १३ मार्च १९४० रोजी कॅक्स्टन हॉलमध्ये उधमसिंगांनी पंजाबचा माजी लेफ्टनंट गव्हर्नर मायकेल ओड्वायर याच्यावर गोळ्या झाडल्या. ओड्वायर ठार झाला, पण झेटलंड, लॅमिंग्टन आणि डेन हे तिघे गोळ्या लागूनही वाचले. रिव्हॉल्वर .४५५ ची होती; तिच्यातली काडतुसे मात्र जुनी आणि लहान मापाची. नळीत सैल बसलेल्या गोळीमागचा जोर कडेने निसटून गेला होता, गोवळकोंड्याच्या काळातल्या तोफेत निसटायचा तसाच.

लढाईतून हा विषय आता खेळात आला आहे. २५ मीटर सेंटरफायर प्रकारात अनेक नेमबाज .३२ चे काडतूस वापरतात आणि त्यातली गोळी सपाट तोंडाची, पुंगळीत पुरती बुडालेली असते. टोकदार गोळी कागद फाडते, सपाट गोळी पंचिंग मशीनसारखे स्वच्छ भोक पाडते, त्यामुळे गुण मोजताना वाद राहत नाही. जसपाल राणाने १९९४ च्या हिरोशिमा आशियाई स्पर्धेत याच प्रकारात सुवर्ण मिळवले. महिलांच्या २५ मीटर पिस्तुलात .२२ चे काडतूस चालते. कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ मध्ये त्यात आशियाई सुवर्ण जिंकले, तर हैदराबादच्या ईशा सिंगने हांगझोऊला, २०२३ च्या सप्टेंबरात, वैयक्तिक रौप्य आणि मनू भाकर व रिदम सांगवान यांच्याबरोबर सांघिक सुवर्ण मिळवले. या प्रकारात अचूक टप्प्याच्या निशाणावर दहाचे वर्तुळ फक्त ५० मिलिमीटरचे असते.

.२२ च्या काडतुसाला पुंगळीच्या कडेत पेट घेणारा मसाला भरलेला असतो, आणि तो प्रत्येक पुंगळीत अगदी सारखा पसरवणे कठीण असते. म्हणून एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या दोन लॉटमध्येही फरक पडतो. वरच्या पातळीवरचे नेमबाज आपले हत्यार किंवा नळी पकडीत घट्ट बसवतात, म्हणजे हाताचा संबंधच उरत नाही, आणि एकेका लॉटच्या गोळ्या झाडून कागदावरचा घोळका मोजतात. एका नळीला भावलेला लॉट दुसऱ्या नळीला भावेलच असे नाही. जो लॉट सर्वांत लहान घोळका देतो त्याचा क्रमांक टिपून घेतला जातो, त्याच क्रमांकाच्या जमतील तेवढ्या पेट्या विकत घेतल्या जातात, आणि त्या संपत आल्या की पुढच्या लॉटची चाचणी पुन्हा पहिल्यापासून होते.